अंडवृद्धीच्या मुलुखातली न दुखणारी गाठ

पूर्व विदर्भात पुरुषाच्या अंडकोशाला सूज आली की त्या सुजेचे नाव आधीच ठरलेले असते. वडसा, आरमोरी, कुरखेडा, वैनगंगेपलीकडची ब्रह्मपुरी या साऱ्या धानपट्ट्यात ‘अंडात पाणी भरले’ हे निदान करायला कुणाला दवाखान्यात जावे लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्याला ते झालेले असते, शेजाऱ्याला असते, गावात त्याची शस्त्रक्रिया करून आलेले दोघे-चौघे असतात. आरोग्य खाते याला अंडवृद्धी किंवा हायड्रोसिल म्हणते. हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत हा आजार इतका जुना ओळखीचा आहे की त्याची भीती वाटत नाही आणि घाईही वाटत नाही. बहुतेक वेळा घरचा हा अंदाज बरोबर निघतो, आणि अडचण त्यातूनच सुरू होते. नेहमी खरा ठरणारा अंदाज कुणी पडताळून पाहत नाही. पंचविशीतल्या एखाद्या तरुणाच्या अंडाला टणक गाठ आली, ती दुखत नाही, रोवणीला किंवा सायकलवर बसायला आड येत नाही, तर तीही याच नावाखाली झाकली जाते. अशी गाठ वृषणाचा, म्हणजे अंडाचा, कर्करोग असू शकते. हा कर्करोग दुर्मीळ आहे. पण तो ऐन कमावत्या वयात होतो आणि वेळेत सापडला तर जवळजवळ नक्की बरा होतो. म्हणून जिथे अंडवृद्धी घरोघरी माहीत आहे, तिथल्या तरुणाने ‘पाणीच असेल’ या उत्तरावर तपासणीशिवाय समाधान मानू नये.

दुखत नाही, म्हणून राहून जाते

पहिले कोडे वेदनेचे आहे. दुखते ते गंभीर आणि दुखत नाही ते किरकोळ, असा आपला हिशेब असतो. हात मोडला, दात किडला, पोटात मुरडा आला, तर तो खराही ठरतो. अंडाच्या बाबतीत तो बऱ्याचदा उलटा पडतो. अंडाभोवती एक चिवट पांढरे आवरण असते. ते एकाएकी ताणले गेले, आत जंतुसंसर्गाने दाह झाला किंवा रक्तपुरवठा तुटला, तर कळ असह्य असते. कर्करोगाची गाठ यांपैकी काहीच अचानक करत नाही. तिच्या पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होत आतल्या आत जागा व्यापतात, आवरणाला सावकाश सवय होत जाते आणि धोक्याची सूचना देणाऱ्या नसा गप्प राहतात. काही रुग्णांना अंडकोश जड वाटतो, जांघेत किंवा ओटीपोटात मंद ठणका जाणवतो. साधारण पाचातल्या एकाला दुखतेही. त्यामुळे दुखत असेल तर कर्करोग नाही, असेही समजता येत नाही.

ओळखायची मुख्य खूण म्हणजे अंडाच्याच अंगात असलेला टणकपणा. निरोगी अंड गुळगुळीत आणि किंचित लवचीक लागते. त्याच्या मागच्या बाजूला बोटांना लागणारी मऊ, वळणदार दोरीसारखी रचना ही शुक्राणू साठवणारी नळी असते. ती गाठ नव्हे. डावे अंड उजव्यापेक्षा थोडे खाली असणेही नेहमीचे आहे. काळजी करायची ती अंडाच्या पृष्ठभागावर किंवा आत लागणाऱ्या कठीण उंचवट्याची, मग तो वाटाण्याएवढा का असेना. एक अंड दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे मोठे, जड किंवा कडक होऊ लागले, तर तोही इशाराच. क्वचित ते आक्रसून लहानही होते. बहुतेक रुग्ण १५ ते ४० या वयोगटातले असतात. जगात अनेक देशांत या वयाच्या पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत याची गणना होते.

पुष्कळदा गाठ सापडते ती मार लागल्यावर, आणि मग दोष त्या माराला दिला जातो. खेळताना चेंडू लागला किंवा बैलाने लाथ मारली म्हणून हा कर्करोग होत नाही. मार लागल्यावर हात तिकडे जातो आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा हाताला लागते. नसबंदीमुळेही हा कर्करोग होत नाही.

पाणी की गाठ?

आता दोन सुजांतला फरक पाहू. अंडाभोवती पातळ पापुद्र्याचे दोन थर असतात आणि त्यांच्यात अंड सहज हलावे म्हणून थोडासा ओलावा असतो. हा ओलावा सतत झिरपतो आणि लसिकावाहिन्यांतून, म्हणजे शरीरातले जादा पाणी रक्तात परत नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, सतत शोषला जातो. हत्तीरोगाचा सुतासारखा जंत क्युलेक्स डासाच्या चाव्यातून अंगात येतो. पुरुषांच्या शरीरात तो मुक्कामासाठी नेमक्या अंडकोशाजवळच्या लसिकावाहिन्या पसंत करतो आणि तिथे वर्षानुवर्षे जगतो. त्या नळ्या फुगतात, निकामी होतात आणि झिरपलेले पाणी मागे साचत जाते. हीच अंडवृद्धी. म्हणजे अंडवृद्धीत बिघाड अंडाच्या बाहेर असतो आणि कर्करोगात तो अंडाच्या आत असतो.

यावरून दवाखान्यातली एक साधी चाचणी समजते. अंधाऱ्या खोलीत सुजेमागे टॉर्च धरला, तर स्वच्छ पाण्यातून उजेड आरपार जातो आणि सूज लालसर उजळते. भरीव गाठीतून तो जात नाही. तिसरी शक्यता हर्नियाची, म्हणजे अंतर्गळाची: तो आडवे झाल्यावर किंवा दाबल्यावर पोटात परततो आणि खोकताना फुगतो. मात्र टॉर्चवर संपूर्ण विसंबणे चुकीचे आहे. जुन्या अंडवृद्धीची भिंत जाड होते, आतले पाणी गढूळ होते आणि मग पाणी असूनही उजेड दिसत नाही. याहून महत्त्वाची बाब अशी की कर्करोगाच्या काही रुग्णांत गाठीभोवतीच पाणी साचते. तिथे टॉर्चने सूज उजळते, पाणी खरोखर असते आणि त्या पाण्याआड गाठ बसलेली असते. पाण्याने ताणलेल्या पिशवीत अंड बोटांनी चाचपताही येत नाही.

म्हणून निर्णायक तपासणी आहे सोनोग्राफीची. गरोदर बाईची करतात तीच, यंत्रही तेच. फक्त त्याची टोकाची पट्टी उथळ अवयव पाहणारी असते. काही मिनिटांत, सुई न टोचता, ती सांगते की सूज पाण्याची आहे की मांसाची आणि अंडाच्या आत आहे की बाहेर. हत्तीरोगाचे जिवंत जंत असतील तर त्यांची वळवळसुद्धा पडद्यावर दिसते. चाळिशीच्या आतल्या पुरुषाला पहिल्यांदाच अंडवृद्धी झाली असेल, तर शस्त्रक्रियेआधी ही तपासणी झालीच पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. साठीतल्या माणसाची वीस वर्षे जुनी अंडवृद्धी आणि बावीस वर्षांच्या मुलाची दोन महिन्यांची सूज यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

लोंबते खाली, पण नाते पोटाशी

या आजाराची बाकीची लक्षणे विचित्र वाटतात. अंडाचा आजार आणि दुखते कंबर? गाठ खाली आणि शस्त्रक्रियेचा चिरा मात्र जांघेत? उत्तर आईच्या गर्भातल्या घडामोडीत आहे. बाळाची अंडे अंडकोशात तयार होत नाहीत. ती पोटात, मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि जन्माच्या सुमारास जांघेतल्या वाटेने खाली उतरतात. खाली येताना आपल्या रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या ती सोबत घेऊन येतात. अंगणात लावलेला भोपळ्याचा वेल छपरावर चढून पलीकडच्या परसात लोंबावा, भोपळा दिसावा शेजाऱ्याकडे आणि पाणी मात्र आपल्याच अंगणातून जावे, तशी ही रचना आहे. त्यामुळे अंडातल्या कर्करोगाच्या पेशी लसिकावाहिन्यांतून निसटल्या की शेजारच्या जांघेत थांबत नाहीत. त्या थेट पोटाच्या मागच्या भागात, पाठीच्या कण्यापुढच्या लसिकाग्रंथींत पोहोचतात. त्या ग्रंथी सुजल्या की कंबर दुखते. रोवणी-कापणी करणाऱ्या, तेंदूपत्त्याचे गठ्ठे वाहणाऱ्या तरुणाची कंबर दुखली तर कामालाच दोष दिला जाणार. पण विश्रांतीने न थांबणारी कंबरदुखी आणि अंडाला टणकपणा, या दोन गोष्टी एकत्र आल्या तर एक दिवसही घालवू नये. पुढे आजार फुप्फुसांत गेला तर खोकला आणि धाप लागते, आणि मानेच्या डाव्या बाजूला हाडाच्या वर गाठ दिसू शकते.

याच रचनेमुळे शस्त्रक्रियेची पद्धतही ठरते. कर्करोगाचा संशय असेल तर अंडकोशावर चिरा देत नाहीत किंवा सुईने तुकडाही काढत नाहीत. अंडकोशाच्या कातडीच्या लसिकावाहिन्या वेगळ्या आहेत. त्या जांघेतल्या ग्रंथींकडे जातात. तिथे सुई खुपसली तर कर्करोगाला एक नवी वाट मोकळी होऊ शकते. म्हणून शल्यचिकित्सक जांघेत चिरा देऊन, वरून रक्तवाहिन्या बांधून संपूर्ण अंड बाहेर काढतात, आणि त्याचीच तपासणी करून कर्करोगाचा प्रकार ठरवतात. अंडवृद्धीचे पाणी सुईने काढून देणारे खेडोपाडी सापडतात. पाणी पुन्हा भरते, हा त्या उपायाचा लहान दोष. मोठा धोका हा की आत गाठ असेल तर ती न ओळखता छेडली जाते. सोनोग्राफीशिवाय कुणालाही तिथे सुई लावू देऊ नये.

आणखी एक गोष्ट याच प्रवासातून उलगडते. काही बाळांचे एक अंड खाली उतरतच नाही. ते पोटात किंवा जांघेत अडकून राहते. अशा मुलांना पुढे हा कर्करोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा काही पटींनी जास्त असते. ते आपोआप उतरेल म्हणून सहा महिन्यांपर्यंत वाट पाहावी. त्यानंतर साधारण दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रियेने ते खाली आणले, तर धोका कमी होतो आणि पुढे हाताने तपासणेही शक्य होते. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या आईला किंवा आजीला एक बाजू रिकामी असल्याचे सहज कळते. ते अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांना सांगायला हवे. मोठेपणी सांगण्यापेक्षा तेव्हा सांगणे कितीतरी सोपे असते.

रक्त काय सांगते

अंडात ज्या पेशींपासून शुक्राणू बनतात, त्या बीजपेशींतूनच बहुतेक वेळा हा कर्करोग उगवतो. बीजपेशींमध्ये संपूर्ण शरीर घडवण्याची क्षमता दडलेली असते. म्हणून बिघडल्यावर त्या गर्भाच्या काळातली रसायने बनवू लागतात. त्यांतले एक एएफपी, आणि दुसरे एचसीजी. आशाताईंकडच्या ‘निश्चय’ किटवर गरोदरपणाची रेघ उमटते ती याच एचसीजीमुळे. काही पुरुष रुग्णांत ते इतके वाढते की छाती स्त्रीसारखी सुजते आणि दुखते. तरुणाच्या छातीला अशी सूज आली तर तिथली तपासणी करताना अंडेही तपासली पाहिजेत. मात्र गरोदरपणाचे किट घरी वापरून स्वतःचे निदान करू नये, कारण अनेक गाठी हे रसायन बनवतच नाहीत. एएफपी, एचसीजी आणि एलडीएच या तीन रक्तचाचण्या डॉक्टर शस्त्रक्रियेआधी आणि नंतर करतात. उपचार लागू पडले की हे आकडे उतरतात, आणि आजार परतला तर बऱ्याचदा गाठ दिसण्याआधी ते चढतात.

कॅन्सर म्हटले की संपले?

१९७० पर्यंत शरीरात पसरलेल्या या आजारातून दहातला एखादाच वाचत असे. १९६५ मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ विजेचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणू वाढत राहिले, पण त्यांचे विभाजन थांबले. कारण वीज नव्हती. विद्युतपट्ट्यांतून विरघळलेले प्लॅटिनम होते. त्यातून सिस्प्लॅटिन हे औषध आले. १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठातले डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर दोन औषधांसोबत या रुग्णांना दिले आणि पसरलेला आजारही बहुसंख्य रुग्णांत बरा होऊ लागला. सिस्प्लॅटिन पेशीतल्या डीएनएला गाठी मारते. बीजपेशींचा स्वभाव असा की डीएनए बिघडले तर दुरुस्ती करत न बसता त्या स्वतःला संपवतात, आणि कर्करोग झाल्यावरही हा स्वभाव बराचसा टिकून राहतो. म्हणून हे औषध इथे इतके प्रभावी ठरते. २०११ च्या विश्वचषकाचा मानकरी युवराज सिंग याच्या दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत बीजपेशींचाच कर्करोग निघाला होता. गर्भात बीजपेशी शरीराच्या मध्यरेषेतून स्थलांतर करतात आणि काही वाटेत राहून जातात, त्यामुळे हा आजार छातीतही होऊ शकतो. युवराजवर उपचार केले ते याच आइनहॉर्न यांनी, आणि २०१२ सालीच तो पुन्हा भारताकडून खेळला.

अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार आजार अंडापुरता असताना सापडलेल्यांपैकी सुमारे ९९ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. दूरवर पसरल्यावर सापडलेल्यांत हे प्रमाण ७३ टक्क्यांच्या आसपास येते. दोन्ही आकडे कर्करोगाच्या मानाने फार चांगले आहेत. पण लवकर सापडलेल्या रुग्णाचे बऱ्याचदा एका शस्त्रक्रियेत आणि नंतरच्या नियमित तपासणीत भागते. उशिरा आलेल्याला महिनोन्‌महिने केमोथेरपी घ्यावी लागते, आणि तिचा किडनी, कान, नसा व फुप्फुसांवर परिणाम होऊ शकतो.

चौकट : दवाखाना कधी गाठायचा?

अंडाला टणक गाठ, दुखो वा न दुखो : याच आठवड्यात.
अंडाचा आकार, वजन किंवा कडकपणा बदलला. नवी सूज आली : याच आठवड्यात, सोनोग्राफीची मागणी करून.
संसर्ग समजून दिलेल्या गोळ्यांनी सूज दोन-तीन आठवड्यांत पूर्ण गेली नाही : पुन्हा डॉक्टरांकडे. क्षयरोगानेही तिथे गाठ येते. तीही तपासूनच ठरते.
एकाएकी असह्य कळ, सोबत उलटी : त्याच तासाला. हा बहुधा कर्करोग नसतो; अंडाला पीळ पडलेला असू शकतो, आणि साधारण सहा तासांत तो सोडवला नाही तर अंड गमवावे लागते.

इतक्या दुर्मीळ आजाराची चर्चा कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. नॉर्वे-डेन्मार्कमध्ये दर लाख पुरुषांमागे वर्षाला दहाच्या आसपास रुग्ण आढळतात. भारतात हे प्रमाण एकाहूनही कमी आहे. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्यात सुमारे ५ लाख ४० हजार पुरुष होते. म्हणजे वर्षाला रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यविषयक तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये सरसकट सर्व निरोगी पुरुषांची यासाठी तपासणी करू नये, असाच सल्ला दिला होता. लक्षण नसताना सगळ्यांना तपासून जीव वाचतात असा पुरावा नाही आणि विनाकारण भीती मात्र वाढते, हे मला मान्य आहे. दर महिन्याला शिबिरे भरवा असे म्हणणे इथे नाहीच. पण सर्वांना तपासणे वेगळे आणि ज्याला गाठ लागली आहे त्याला ‘पाणी असेल’ म्हणून परत न पाठवणे वेगळे. शिवाय रोग दुर्मीळ असण्याचा एक दुष्परिणाम असा की तो कुणाच्याच डोक्यात येत नाही. जिथे त्याच्यासारखी दिसणारी, कितीतरी पट सामान्य असलेली दुसरी सूज आहे, तिथे तर मुळीच नाही. एका सोनोग्राफीच्या खर्चात एका तरुणाचे आयुष्य आणि एका घराची कमाई वाचत असेल, तर दुर्मीळतेची सबब टिकत नाही.

दुसरा अडसर लाजेचा. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. झाकलेल्या अवयवाचे आजार झाकलेलेच राहतात, हे याच जिल्ह्याने जगाला आकड्यांत दाखवले. पुरुष यातून सुटला आहे असे मानायला आधार नाही. त्याला लाजेसोबत पुरुषत्वाची भीतीही घेरते. अंड काढले तर लग्नाचे काय, मूल होईल का? याचे उत्तर ठामपणे देता येते. एक निरोगी अंड पुरेसे हार्मोन बनवते आणि बहुतेकांना मूल होण्यासाठीही पुरते. केमोथेरपी लागणार असेल तर त्याआधी वीर्य गोठवून ठेवण्याची सोय मोठ्या शहरांत आहे. ती उपचार सुरू होण्याआधीच विचारायची असते.

तिसरा अडसर अंतराचा आणि पैशाचा. पहिली तपासणी देसाईगंजच्या, म्हणजे वडशाच्या, ग्रामीण रुग्णालयात होऊ शकते, सोनोग्राफी गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ब्रह्मपुरीत. पुढचा रस्ता नागभीड-उमरेडवरून नागपूरला जातो. तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, एम्स, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी येते. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटणे ही पहिली पायरी.

हत्तीरोगाच्या गोळ्या द्यायला आरोग्य कर्मचारी घरोघर येतात आणि अंडवृद्धीच्या रुग्णांची नोंदही ठेवतात. त्या यादीतल्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येकाची सोनोग्राफी व्हावी, एवढी एक ओळ आरोग्य खात्याने आपल्या सूचनांत घालावी. दिवाळीनंतर वडशातून निघणारी झाडीपट्टीची नाटके रात्रभर हजारोंना जागवतात. मध्यंतरातली दोन मिनिटे या विषयाला मिळाली तर ज्याला कुणाजवळ बोलता येत नाही त्याच्यापर्यंतही गोष्ट पोहोचेल. आणि हे वाचून शंका आलेल्या तरुणाने आज आंघोळीच्या वेळी, गरम पाण्याने कातडी सैल पडलेली असताना, दोन्ही अंडे अंगठा आणि बोटांमध्ये हळूच फिरवून पाहावीत. टणक काही लागले, तर गावात विचारत बसू नये. सोनोग्राफी करून घ्यावी.